खुर्चीतून उठण्याची परवानगी

विनताला तिच्या बाबांकडून फार काही नको होतं. त्यांनी खुर्चीतून उठायचं, दारापर्यंत जायचं, दार उघडायचं, बाहेर कुणी नाही हे बघायचं, दार लावायचं आणि परत येऊन बसायचं. सगळं मिळून चौदा सेकंद. मोतीराम गजभिये हे काम दिवसातून दहा वेळा कुणी न सांगता करत. पण माणूस जे न सांगता करतो ते त्याला सांगून करायला लावलं, की काय काय होऊ शकतं, हे त्या जानेवारीत जबलपूरच्या राइट टाउनातल्या तीन बिऱ्हाडांना आणि एका सरकारी कार्यालयाला कळलं. कार्यालय कोणतं ते इथे लिहायचं नाही, अशी खुद्द मोतीरामजींची ताकीद आहे.

विनता ॲनिमेशनमध्ये होती. हे वाक्य म्हणायला सोपं आणि जबलपुरात कुणाला समजावून सांगायला महाकठीण. खालच्या मजल्यावरच्या सत्यभामाकाकूंच्या मते ती फोटोचं काम करायची. त्यांनी तिच्याकडून आपल्या दिवंगत सासऱ्यांना नातवाच्या लग्नाच्या फोटोत उभं करून घेतलं होतं आणि वर ‘मामंजी जरा हसरे नाही का करता येणार’ असंही विचारलं होतं. बाकीचे शेजारी तिला बिघडलेला प्रिंटर दाखवायला बोलावत. खरं म्हणजे ती नेपियर टाउनात, एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर थाटलेल्या दोन खोल्यांच्या कंपनीत, लहान मुलांच्या गाण्यांसाठी भाज्या नाचवायची. चार वर्षांत तिच्या हाताखालून एक्केचाळीस वांगी, अगणित भेंड्या आणि एक अतिशय हट्टी फ्लॉवर नाचून गेला होता. आई जवळच्या पनागर गावचे मटार सोलायला बसली की ते दाणे आपल्याकडे बघून डोळे मिचकावताहेत असं तिला वाटायला लागलं, तेव्हा तिनं ठरवलं की आता पुरे, आता माणसं हलवायची.

हैदराबादच्या एका मोठ्या स्टुडिओनं तिचा अर्ज वाचून परीक्षा पाठवली. सोबत एक बाहुला पाठवला: संगणकातला, राखाडी, ना कपडे, ना चेहरा. सूचना दोन ओळींची. एक म्हातारा कुणाची तरी वाट बघतोय. तो उठून दार उघडतो, कुणी नसतं, तो परत येऊन बसतो. मुदत चौदा दिवसांची, शेवटच्या सोमवारी संध्याकाळी सहापर्यंत. पास झाली तर माणसांच्या खात्यात नोकरी. नाही झाली तर बी.एड. हे दुसरं कलम स्टुडिओचं नव्हतं, मोतीरामजींचं होतं. भंडाऱ्याहून एक पत्र्याची ट्रंक घेऊन आलेल्या माणसानं चौतीस वर्षं सरकारी नोकरी करून अधीक्षक म्हणून निवृत्त व्हावं आणि त्याच्या शिकलेल्या पोरीनं भेंडीला हातपाय लावावेत, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं. मास्तरणीचं काम काय असतं ते निदान लोकांना समजावून सांगावं लागत नाही, असं ते म्हणत. तेव्हा ही शेवटची उडी, नाहीतर जूनमध्ये कॉलेज, असं ठरलं होतं. विनतानंही मान डोलावली होती, कारण प्रश्न चौदा सेकंदांचा होता.

आता कुणी म्हणेल, संगणक आहे ना, एक बटण दाबायचं. सगळे हेच म्हणत. बटण नसतं. सेकंदाला चोवीस चित्रं असतात, आणि त्यासाठी बाहुल्याचा गुडघा, कंबर, मान, बोटं एकेक करून वळवून बसवावी लागतात. उठताना माणूस आधी पुढे वाकतो की आधी पाय मागे घेतो, हे ज्याला ठाऊक नाही त्याचा बाहुला खुर्चीतून उठत नाही, टोस्टरमधल्या ब्रेडसारखा उडतो. म्हणून या धंद्यातले लोक आधी खऱ्या माणसाचा व्हिडिओ काढतात आणि तो शंभर वेळा बघतात. विनतानं बाबांची शाल पांघरून प्रथम स्वतःचाच काढला. त्यात पोट दुखत असलेली एक तरुण मुलगी दाराकडे जाताना दिसली. मग ती बाबांकडे गेली.

“बाबा, फक्त उठा. जसे नेहमी उठता तसे.”

मोतीरामजींनी आधी हे कोण बघणार ते विचारलं. तिनं सांगितलं, मी एकटी बघणार, तुमचा चेहरा कुठेही दिसणार नाही. त्यांनी दहा मिनिटं मागून घेतली, आत गेले आणि पाऊण तासानं बाहेर आले. दाढी केलेली, केसांना तेल, अंगात निवृत्तीच्या समारंभातला कोट, पायात पॉलिश केलेले बूट. ते खुर्चीच्या कडेवर टेकले आणि विनता ‘हं’ म्हणते न म्हणते तोच ताडकन उठले. असे उठले की विनताच दचकली. हात शिवणीला, छाती पुढे, नजर समोर. त्याच चालीनं दाराशी गेले, दार उघडलं, रिकाम्या जिन्याला किंचित मान लववली आणि परत आले.

“बाबा, हे साहेब आल्यावर उठतात तसं झालं.”

“मग? माणूस उठते कशासाठी?” मोतीरामजी खरोखरच गोंधळून म्हणाले.

यात त्यांचं चुकत होतं असंही नाही. त्यांच्या वडिलांची उभी हयात दुसऱ्यांसमोर कंबर वाकवण्यात गेली होती. आपण उठू तेव्हा ताठ उठू, हे मोतीरामजींनी नोकरीच्या पहिल्या दिवशी ठरवलं होतं आणि निवृत्तीच्या दिवशीही पाळलं होतं. पण ‘वाट बघणारा म्हातारा’ आणि ‘सलामी देणारा अधीक्षक’ यांत फरक आहे, हे त्यांना कसं सांगावं ते विनताला कळेना. नऊ वेळा उठून झालं. नवव्यांदा ते पहिल्यापेक्षा जास्त ताठ होते. आई, म्हणजे कलावतीबाई, मटार सोलता सोलता म्हणाल्या, यांना आधी बाजारातून पिशव्या घेऊन येऊ दे, मग आपोआप म्हाताऱ्यासारखे उठतील. त्यावर मोतीरामजी म्हणाले, मी थकत नसतो.

ही गोष्ट जिन्यानं खाली जायला कितीसा वेळ लागणार. संध्याकाळी सत्यभामाकाकू वर आल्या आणि त्यांनी आपले यजमान देऊ केले. “आमच्या ह्यांना घ्या. ते तर दिवसभर बसूनच राहतात,” असं म्हणून त्या त्यांना आणायला गेल्याही. यजमान आले, खुर्चीत बसले, आणि बसले ते इतके छान, इतके ढिले, की विनताला आशा वाटू लागली. मग ते झोपले. त्यांना हलवून उठवलं तर ते नैसर्गिक राहणार नाही म्हणून विनता थांबली, आणि चाळीस मिनिटांनी तिच्या मोबाईलमध्ये गाढ झोपेचा फार सुंदर व्हिडिओ जमा झाला होता. परीक्षेत झोप नव्हती.

दुसऱ्या दिवशी अण्णा आले. अण्णा समोरच्या इमारतीत राहत आणि गेली तीस वर्षं मराठी मंडळाचं नाटक बसवत. त्यांनी दोन ओळींची ती सूचना वाचली, डोळे मिटले आणि विचारलं, हा म्हातारा कुणाची वाट बघतोय? विनता म्हणाली, ते दिलेलं नाही. अण्णांना तेवढंच हवं होतं. मुलगा सैन्यात, तीन वर्षं पत्र नाही, सून माहेरी, असं करत त्यांनी चौदा सेकंदांतून तीन अंक काढले. मोतीरामजींना दाराशी गेल्यावर एक हात छातीवर ठेवायला शिकवलं. मोतीरामजींनी जन्मात नाटकात काम केलं नव्हतं, त्यामुळे त्यांना ते फार आवडलं. दुसऱ्या संध्याकाळी ते दार उघडून ‘कोण आहे?’ असं म्हणाले, आणि कोपऱ्यावरचा चहावाला वर बघू लागला. या दोन्ही तालमींना सत्यभामाकाकू आपली मटाराची टोपली घेऊन बसल्या होत्या आणि ‘आधीचं जास्त चांगलं होतं’ असं प्रत्येक वेळी सांगत होत्या. तीन दिवस गेले, आणि विनताच्या हाती एक सलामी, एक झोप आणि एक करुण नाटक आलं होतं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण निघताना अण्णा चपला घालत सहज म्हणाले, “साहेब, एवढं शूटिंग चालू आहे, परवानगी तर काढली ना? आजकाल फार कडक आहे.”

हे वाक्य दुसऱ्या कुठल्याही माणसासमोर म्हटलं असतं तर हवेत विरून गेलं असतं. मोतीरामजींच्या चेहऱ्यावर मात्र निवृत्तीनंतर सहा वर्षांत आला नव्हता असा तजेला आला. विनता परोपरीनं सांगत राहिली की आपल्या घरात आपल्या खुर्चीतून उठायला परवानगी लागत नाही.

“परवानगी लागत नाही, असं कुठं लिहून आहे?” त्यांनी विचारलं.

आणि तसं खरोखरच कुठे लिहिलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी साडेदहाला मोतीरामजी ऑटोनं त्या कार्यालयात गेले. अर्ज तीन प्रतींत, शुद्ध सरकारी हिंदीत, विषय: ‘स्वगृह में कुर्सी से उठने के चलचित्रण की अनुमति बाबत’. कुणी अनोळखी बाबू असता तर त्यानं हसून अर्ज परत दिला असता. दुर्दैवानं तिथे सुखराम होता, जो पंधरा वर्षांपूर्वी मोतीरामजींच्या हाताखाली शिकलेला. “बड़े बाबू, आपका काम है, नियम से ही करेंगे,” असं तो आदरानं म्हणाला, आणि सगळा घात तिथे झाला.

खुर्चीतून उठण्याचा छापील नमुना नव्हता. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून सुखरामनं मिरवणुकीचा नमुना काढून दिला. मोतीरामजींनी तो टेबलाशी बसून भरला. सहभागी व्यक्ती: एक. पशू: निरंक. ध्वनिक्षेपक: नाही. मार्ग: कुर्सी से द्वार, द्वार से कुर्सी. दुसऱ्याच दिवशी पहिली हरकत आली, मार्गाचा नकाशा जोडलेला नाही. नकाशा जोडला. दुसरी हरकत आली, घरमालकाचं ना-हरकत पत्र हवं. घरमालक मोतीरामजीच होते. त्यांनी स्वतःला अर्ज केला, त्यावर एक दिवस विचार केला आणि स्वतःला ना-हरकत दिली. मग एक निरीक्षक घरी आला. त्यानं खुर्चीपासून दारापर्यंत फीत लावून अकरा फूट चार इंच अशी नोंद केली, आग विझवायची वाळूची बादली कुठे आहे ते विचारलं, मटाराच्या दोन कचोऱ्या खाल्ल्या आणि अहवाल सादर करतो म्हणून निघून गेला.

या सगळ्यात विनतानं दोनदा मोबाईल उचलला. दोन्ही वेळा मोतीरामजींनी हाताचा पंजा पुढे केला. प्रकरण विचाराधीन असताना ते मोबाईलसमोर उठणार नव्हते. मंगळवारी तिच्या तोंडून निघालंच, “बाबा, सहा दिवस राहिलेत. तुम्हाला मी बी.एड.लाच जायला हवंय ना?”

“कायद्यानं झालेलं काम पक्कं राहते, बेटा,” ते म्हणाले आणि नकाशाची दुसरी प्रत काढायला बसले.

विनता स्वयंपाकघरात जाऊन मटार सोलू लागली. अशी सोलू लागली की दाणे फडताळाखाली गेले. तिला रागवायचं होतं आणि कुणावर रागवावं ते कळत नव्हतं. आई हळूच म्हणाली, यांनी स्वतःच्या पेन्शनची गडबड झाली तेव्हासुद्धा दोनच चकरा मारल्या होत्या, तुझ्यासाठी चार झाल्या. ते खरं होतं, आणि त्यामुळे रागवायचीही सोय उरली नव्हती.

गुरुवारी ते पाचव्यांदा गेले आणि जेवायच्या वेळी परतले. आदेशावर सही झाली आहे, निरीक्षक तीन ते चारच्या दरम्यान स्वतः आणून देईल, असं सुखरामनं सांगितलं होतं. मोतीरामजी कपडे न बदलता, जुन्या स्वेटरमध्ये, खुर्चीत बसून राहिले. तीन वाजले, चार वाजले, साडेचार झाले. गेल्या आठवड्यापासून मोबाईलचा स्टँड खुर्चीकडे तोंड करून तसाच उभा होता. दुपारी आदेशाच्या आशेनं त्यावर लावलेला फोन काढून घ्यायला विनता स्वयंपाकघरातून आली तेव्हा जिन्यावर पावलं वाजली. मोतीरामजींचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. तिनं काढून घ्यायला पुढे केलेला हात तसाच नेला आणि बटण दाबलं. बाबांना न विचारता तिनं आजवर त्यांचा पेनसुद्धा घेतला नव्हता.

त्यांनी आधी डावा हात गुडघ्यावर टेकला, मग उजवा खुर्चीच्या दांडीवर. अर्धवट उठून ते क्षणभर थांबले, जणू पुढचं आता जमणार की नाही याचा अंदाज घेत होते. मग उभे राहिले, उजवा पाय किंचित ओढत दाराशी गेले, आणि दार उघडण्याआधी त्यांनी स्वेटर पोटावरून खाली ओढून नीट केला. दार उघडलं. पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली होती. त्यांनी जिन्यात खाली पाहिलं, दार लावलं, आणि परत येताना त्यांची मान छातीकडे झुकली, ती बसेपर्यंत वर आली नाही.

विनतानं भाज्यांकडे चार दिवसांची रजा टाकली. खोलीचं दार लावून ती तो व्हिडिओ बघत होती आणि बाहुल्याचा एकेक सांधा वळवत होती. गुडघा तिला रडवेलं करून गेला. मान तर तिनं सात वेळा मोडून पुन्हा केली. बाहुल्याच्या अंगावर स्वेटर नव्हता, तरी त्यानं दार उघडण्याआधी पोटावरून हात खाली ओढला. बाहेर आदेश आला नव्हता. निरीक्षक रजेवर गेला होता, आणि मोतीरामजी तिच्या बंद दाराकडे बघून कलावतीबाईंना विचारत होते, ही आत काय करून राहिली, काम तर अडलेलं आहे.

सोमवारी दुपारी चारला काम संपलं. दोन तास हातात होते, पाठवायला एक मिनिट पुरत होतं, आणि विनताचा हात पुढे जाईना. सात दिवस हे घर ज्याची त्याची परवानगी मागत फिरलं होतं, आणि ज्याची खरोखर लागत होती त्याला कुणी विचारलंच नव्हतं. तिनं बाबांना आत बोलावलं.

मोतीरामजींनी चष्मा पुसला आणि बघितलं. पहिल्यांदा ते म्हणाले, याचे कपडे कुठं आहेत. दुसऱ्यांदा ते वाकून पडद्याजवळ गेले. तिसऱ्यांदा लावायला त्यांनीच बोटानं सांगितलं.

“हा मीच होय,” ते म्हणाले. “कधी काढलं?”

विनतानं खरं ते सांगितलं. गुरुवारी, साडेचारला, न विचारता.

“हे पाठवायचं नाही. मी असा उठतच नाही. चल बाहेर, मी आता उठून दाखवतो, नीट.”

ते बाहेर गेले, खुर्चीत बसले आणि ताडकन उठायला गेले. निम्म्यात गुडघा अडला आणि ते परत खाली बसले. कलावतीबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “तीन वर्षं झाली, तुम्ही तसेच उठता.”

“मग मला काहून नाही सांगितलं?”

“सांगून काय झालं असतं? उठायचं तर तुम्हालाच होतं.”

मोतीरामजी खुर्चीतच राहिले. विनता खाली फरशीवर बसली. घड्याळात पाच वाजून गेले आणि तिनं मनातल्या मनात जूनमधलं कॉलेज बघून घेतलं. तिला वाईट वाटत होतं ते नोकरीचं कमी होतं. आयुष्यभर ताठ राहिलेल्या माणसाला आपण त्याचीच वाकलेली पाठ पडद्यावर दाखवली, याचं जास्त होतं. साडेपाचच्या सुमारास ते म्हणाले, एकदा अजून लाव. तिनं लॅपटॉप बाहेर आणून त्यांच्या मांडीवर ठेवला.

“दारातून परत येताना हा मान खाली काहून घालतो?”

“तुम्ही घातली होती.”

“अच्छा,” ते म्हणाले, आणि पडद्याकडेच बघत म्हणाले, “तवा माझ्या मनात आलं होतं, पोरीचं काम माझ्यापायी राहून गेलं. ते तुला कसं दिसलं?”

त्यांनी कोरा कागद मागितला, त्याचा डावीकडचा समास नखानं दुमडला, खिशातला पेन काढला आणि चौतीस वर्षांच्या वळणदार अक्षरात लिहिलं: ‘१. प्रकरण देखा. घुटना, द्वार एवं वापसी वस्तुस्थिति के अनुरूप है. भेजने में कोई आपत्ति नहीं.’ खाली सही, तारीख, आणि कंसात सेवानिवृत्त. सहाला बारा मिनिटं असताना विनतानं चौदा सेकंद हैदराबादला पाठवून दिले.

“थांब, एक मुद्दा राहिला,” मोतीरामजी म्हणाले. कागद परत घेऊन त्यांनी सहीखाली आकडा टाकला: ‘२. बी.एड. संबंधी प्रकरण नस्तीबद्ध.’ म्हणजे फाईल बंद, बांधून कपाटात.

“बाबा, पण त्यांचं उत्तर तर अजून यायचंय.”

“त्यांनी काय सांगायचं?” मोतीरामजी म्हणाले, आणि एक हात गुडघ्यावर, एक दांडीवर टेकून सावकाश उठले. “मी पाहिलं ना.”